बंद काचांच्या आतली ऊब

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला ‘हिवाळा आणि बालकांचे आरोग्य’ असा विषय सुचविला होता. सर्दी, खोकला, कोरडी त्वचा, तेल-मालिश, कानटोपी या सर्व गोष्टींवर मी गेली पंचवीसेक वर्षे बाह्यरुग्ण विभागात रोज बोलत आले आहे, आणि आपल्या लष्कर भागातील बहुतेक आयांना माझी ती व्याख्याने तोंडपाठ झाली असावीत. म्हणून त्या विस्तीर्ण विषयाचा एकच लहानसा कोपरा येथे निवडते. कडाक्याच्या थंडीत, बर्फात, मोटार अडकून पडली तर आतील माणसांनी, आणि त्यातही लहान मुलांनी, ऊब कशी राखावी, हा तो कोपरा होय.

ग्वाल्हेरात बर्फ पडत नाही, मग हा विषय आम्हांस कशाला, असे कोणी विचारील. परंतु ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातील अटल बोगद्याचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवायला मनालीकडे निघणारी कुटुंबे आपल्या समाजात दर वर्षी वाढत आहेत. शिवाय ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा टोरांटोत स्थायिक आहेत, असे आजी-आजोबा आपल्या मंडळात थोडे नाहीत. दुसरे कारण अधिक खाजगी आहे. या विषयात मी स्वतः एक चूक केली आहे. ती सुदैवाने निस्तरली गेली. पण बालरोगतज्ज्ञाने करू नये अशीच ती चूक होती, आणि वैद्यकबंधूंसमोर ती मांडणे मला योग्य वाटते.

सोमवार, २३ डिसेंबर २०२४. आम्ही दोन भाड्याच्या गाड्यांनी मनालीहून बोगद्यापलीकडे लाहौलमधील सिस्सूपर्यंत गेलो होतो. पहिल्या गाडीत मी, माझे यजमान आणि आमचे एक स्नेही दांपत्य. दुसऱ्या गाडीत माझा भाचा, त्याची पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. परतताना बर्फ भुरभुरू लागले, आणि बोगद्याच्या दक्षिण तोंडातून बाहेर पडून सोलंगच्या दिशेने थोडे उतरलो न उतरलो तोच पुढची रांग थांबली. त्या दिवशी त्या रस्त्यावर सुमारे एक हजार गाड्या अडकल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून समजले. आम्हांला दिसत होते ते फक्त पुढचे लाल दिवे. रस्ता काचेसारखा गुळगुळीत झाला होता, त्यामुळे आमच्या मागच्या चालकाने शहाणपणाने गाडी कडेला घेतली आणि घसरू नये म्हणून तिचा मागचा भाग रस्ता साफ करताना रचलेल्या बर्फाच्या ढिगाला टेकवून ठेवली. हीटर चालू, इंजिन चालू, सर्व काचा बंद.

रात्री आठच्या सुमारास भाचेसुनेचा फोन आला. “आत्याबाई, हिला दोनदा उलटी झाली. सारखी किरकिर करते आहे.” मी टॉर्च घेऊन त्यांच्या गाडीत जाऊन बसले. बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यातून आत शिरताच जी ऊब लागली, ती मला फार सुखाची वाटली, हे प्रामाणिकपणे सांगते. मुलगी कोमेजली होती, पण ताप नव्हता, पोट मऊ होते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर माझ्या पर्समध्ये असतोच. तो तिच्या बोटाला लावला, आकडा आला ९४. इतक्या उंचीवर ९४ म्हणजे उत्तमच. वळणावळणांचा रस्ता, दिवसभर खाल्लेले फरसाण, चिप्स आणि दोन वेळा मॅगी. गाडी लागली आहे, असे निदान मी केले, उलटीचे औषध दिले, आणि निघताना वर सूचनाही दिली, “काच उघडू नका हं, गारठेल ती.”

ही शेवटची सूचना मला अजूनही आठवते.

पाऊण तासाने पुन्हा फोन आला. आता मुलाचे डोके दुखत होते. आणि जाता जाता सून म्हणाली, “माझंही मघापासून जडच झालंय, थंडीनं असेल.” हे वाक्य ऐकून मी आसनावरून उठलेच. एका गाडीतील तीन माणसे, तासाभराच्या अंतराने, तापाशिवाय, एकाच प्रकारे आजारी पडत होती. गाडी लागणे संसर्गजन्य नसते, आणि विषाणूला इतका वक्तशीरपणा नसतो. आम्ही धावतच गेलो. चारही दारे उघडली, इंजिन बंद करविले, मुलांना उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणले. चालकाची साहजिकच तक्रार होती, “मैडम, बच्चे ठंडे पड़ जाएँगे.” त्याला मागे नेऊन टॉर्चच्या उजेडात दाखविले. सायलेन्सरचे तोंड दिसतच नव्हते. तो ढिगात रुतला होता आणि वरून ताजे बर्फ साचले होते. चार वर्षांची पोर त्या वेळी माझ्या खांद्यावर मान टाकून होती आणि हाका मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटत होती.

साधारण वीस मिनिटांनी तिने आपले नाव सांगितले. ती वीस मिनिटे मी मोजलेली आहेत.

आता या घटनेमागील शास्त्र थोडक्यात सांगते. वैद्यकबंधूंना ते ठाऊकच आहे, इतरांनी मात्र लक्षपूर्वक वाचावे. पेट्रोल, डिझेल, कोळसा, लाकूड, स्वयंपाकाचा गॅस, यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत चुरचुरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे ते अडीचशे पटींनी अधिक असते. म्हणून हवेत तो अगदी अल्प असला तरी रक्तात हळूहळू जागा अडवीत जातो, आणि जो प्राणवायू हिमोग्लोबिनवर शिल्लक राहतो, तोही पेशींना सहजासहजी सोडला जात नाही. साध्या हवेत रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात. शंभर टक्के प्राणवायू दिला तर हे काम एक ते दीड तासात होते.

माझ्या ऑक्सिमीटरने मला का फसविले, हे आता स्पष्ट होईल. बोटाला लावायचे साधे यंत्र दोनच तरंगलांबींच्या प्रकाशावर चालते, आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते. आकडा ९४ होता. त्यातले खरे किती आणि तोतये किती, हे ते यंत्र सांगूच शकत नाही. धमनीतील रक्ताच्या तपासणीत प्राणवायूचा दाबही नेहमीसारखा येऊ शकतो. निदान होते ते को-ऑक्सिमीटरने, आणि त्याआधी मनात शंका आल्याने. पाठ्यपुस्तकांतील ते चेरीसारखे लाल ओठ जिवंत रुग्णात क्वचितच दिसतात. त्यांची वाट पाहणे म्हणजे शवविच्छेदनाची वाट पाहणे होय.

मग सर्वांत आधी चार वर्षांचीच मुलगी का आजारी पडली? जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करताना स्वतः हा वायू हुंगून प्रयोग केले होते. लहान प्राण्यांचा चयापचय आणि श्वसन वेगवान, म्हणून त्यांच्यावर परिणाम माणसाच्या आधी दिसतो, हे त्याने ओळखले आणि खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेण्याची सूचना केली. पुढे ब्रिटिश खाणकामगार कॅनरी पक्षी बरोबर बाळगीत, ते थेट १९८६ पर्यंत. पक्षी पडला की माणसांनी बाहेर धाव घ्यायची. वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक श्वास घेणारे लहान मूल हे त्या गाडीतले कॅनरीच होते. त्या पक्ष्याने इशारा दिला, आणि मी त्याला उलटीचे औषध दिले!

लहान मुलांत हे लक्षण म्हणजे बहुधा उलटी, किरकिर आणि झोपाळूपणा. ‘डोके दुखते’ असे चार वर्षांचे मूल सांगत नाही. गर्भवती स्त्री गाडीत असेल तर तिचा विचार त्याहून आधी करावा. गर्भाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा उशिरा चढतो, परंतु अधिक चढतो आणि उशिरा उतरतो. आई ठीक दिसते म्हणून पोटातले बाळ ठीक असेल, असे म्हणता येत नाही.

हे एकट्या आमच्या नशिबी आले असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या गिरिस्थानी ७ तारखेच्या रात्री हिमवादळात हजारो गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसे आपापल्या गाड्यांत मरण पावली. त्यांत १० मुले होती. पहिल्या बातम्या ‘गोठून मृत्यू’ अशा होत्या. पुढे चालू इंजिनांच्या धुराने अनेकांचा बळी घेतला असावा, असे तेथील अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी सांगितले. जानेवारी २०१६ मध्ये न्यू जर्सीतील पसेइक गावी तर रस्ताही नव्हता आणि वादळात अडकणेही नव्हते. वडील घरासमोरील गाडीभोवतीचे बर्फ फावड्याने उपसत होते, आणि आई व दोन मुलांना थंडी वाजू नये म्हणून चालू गाडीत बसविले होते. सायलेन्सर बर्फाखाली होता. आई आणि धाकटे बाळ त्याच दिवशी गेले, तीन वर्षांची मुलगी काही दिवसांनी. ज्यांची मुले-सुना त्या भागात राहतात, त्यांनी ही एक गोष्ट फोनवर आवर्जून सांगावी. आधी सायलेन्सरभोवतीचे बर्फ काढायचे, नंतर किल्ली फिरवायची, आणि गाडी पूर्ण मोकळी होईपर्यंत त्यात कोणालाही बसवायचे नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इंजिन बंद केले तर थंडीने मरणार नाही का? आमच्या चालकाचाही तोच प्रश्न होता. याचे उत्तर असे की थंडी हा शत्रू संथ आहे. कोरड्या, वाऱ्यापासून झाकलेल्या आणि पुरेसे कपडे अंगावर असलेल्या माणसाला बंद गाडीत थंडीने गाठायला बरेच तास लागतात, आणि त्या तासांत करण्यासारखे पुष्कळ असते. धुराला तेवढा वेळ लागत नाही, आणि तो झोपवून नेतो. पहिल्या शत्रूला घाबरून दुसऱ्याला घरात घ्यायचे नाही, एवढेच.

आम्ही त्या रात्री काय केले, ते क्रमाने सांगते, म्हणजे सूचना वेगळ्या द्याव्या लागणार नाहीत.

प्रथम आम्ही आठही जण एकाच गाडीत आलो. ती सात जणांची होती, मुले मांडीवर. विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणूस साधारण ८० ते १०० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. सहा प्रौढ आणि दोन मुले म्हणजे घरातल्या लहान विजेच्या हीटरची निम्मी तरी ऊब, आणि तीही विनाधूर. दोन्ही चालकांपैकी एक जण आळीपाळीने आत, एक दुसऱ्या गाडीत, असे त्यांनी आपसांत ठरविले. त्यांनाही पांघरुणे दिली. त्यानंतर सामान उघडले. सकाळी मनालीच्या बाजारात भेटी म्हणून घेतलेल्या सात कुल्लू शाली आणि लोकरी मोज्यांचे जोड डिकीत होते. कोणाकोणासाठी काय घेतले याचा हिशेब भगिनींनी पाठ केला होता, तो तेथेच मोडला. बर्फात खेळून मुलांचे मोजे आणि हातमोजे ओले झाले होते. ते प्रथम काढले. ओले कापड अंगावर ठेवून वरून शाल गुंडाळण्यात काही अर्थ नसतो, ओलावा अंगातील उष्णता भराभर पळवितो. कोरडे कपडे, त्यांवर लोकर, डोके झाकलेले, पायांखाली गाडीच्या चटया आणि त्यांखाली पिशव्या. गाडीची पत्र्याची जमीन ही थंडीची पहिली वाट आहे, हे बसल्यावर कळते.

मुलीला आईने आपल्या स्वेटरच्या आत, छातीशी घेतले. हे मी सांगितले तेव्हा सून थोडी संकोचली, पण ही काही आजीबाईंची कल्पना नव्हे. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी इन्क्युबेटर अपुरे पडत म्हणून कमी दिवसांच्या बाळांना आईच्या त्वचेशी त्वचा लावून ठेवण्यास आरंभ केला. आज जगभर जिला ‘कांगारू पद्धत’ म्हणतात ती हीच. दोन किलोच्या बाळाला जी ऊब जगविते, ती चार वर्षांच्या पोरीला एक रात्र सहज पुरते. एकच काळजी घ्यावी. मुलाचे नाक-तोंड उघडे असावे आणि आईजवळ कोणीतरी जागे असावे.

मुलांना थंडी लवकर का बाधते, हेही सांगून टाकते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ पुष्कळ मोठे असते. भाजलेल्या रुग्णांच्या तक्त्यावरून डॉक्टरांना आठवेल की तान्ह्या बाळाचे डोके हे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे अठरा टक्के भाग असते, प्रौढाचे नऊ. म्हणजे बाळाची कानटोपी ही जवळजवळ अर्ध्या सदऱ्याइतकी कामाची. त्यातून नवजात बाळ कुडकुडत नाही; ते मानेभोवती आणि पाठीत साठविलेली तपकिरी चरबी जाळून ऊब निर्माण करते, आणि ती संपली की गप्प होते. प्रवासात ‘किती शहाणे, अगदी शांत झोपले आहे’ असे कौतुक चालते, तेव्हा माझा हात त्या बाळाच्या पायाकडे जातो. तळपाय आणि पोट दोन्ही गरम असतील तर बाळ ठीक आहे. तळपाय गार आणि पोट गरम असेल तर त्याला थंडी बाधू लागली आहे, ताबडतोब उबेत घ्यावे. दोन्ही गार असतील तर तो आजार आहे. ही परीक्षा थर्मामीटरशिवाय, अंधारात, कोणत्याही आजीला करता येते.

मोठ्यांच्या बाबतीत कुडकुडणे हे चांगले लक्षण समजावे, शरीर लढते आहे. ज्याची हुडहुडी आपोआप थांबली आणि जो अडखळत, असंबद्ध बोलू लागला, किंवा ‘मला गरम होतेय’ म्हणून कपडे काढू लागला, त्याचे तापमान धोकादायक खाली गेलेले असते. अशा माणसाला चोळू नये, हिसके देऊन हलवू नये, चालवू नये. कोरडे करून, गुंडाळून, दुसऱ्याच्या अंगाशी घ्यावे, आणि नीट गिळता येत असेल तरच गरम व गोड काही पाजावे.

कुडकुडण्याला इंधन लागते, आणि ते पोटातून येते. येथे मात्र आपले ग्वाल्हेर जिंकले. सौ. स्नेह्यांनी निघताना मुरैन्याच्या गजकचे दोन डबे घेतले होते, आणि तीळ-गुळाची ती खुसखुशीत वडी त्या रात्री सर्वांनी औषधासारखी तासातासाला खाल्ली. पाणी बाटलीतलेच प्यावे. बर्फ चघळू नये, ते वितळविण्यात अंगातीलच उष्णता खर्ची पडते.

हीटर आम्ही अगदीच वर्ज्य केला नाही. तासातून दहा मिनिटे इंजिन चालवायचे, असे ठरविले. प्रत्येक वेळी, अपवाद न करता, आधी एकाने खाली उतरून सायलेन्सरचे तोंड आणि त्याभोवतीचे हातभर अंतर मोकळे करायचे. मग वारा येत नसलेल्या बाजूची काच दोन बोटे खाली, हवेचा खटका ‘बाहेरची हवा’ या खुणेवर, आणि त्यानंतर किल्ली. आतली हवा आतच फिरविणारी खूण ऊब लवकर देते, म्हणून चालकांना ती प्रिय असते. ती येथे नको. नव्या गाड्या धूर सोडत नाहीत, असा एक समज आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात आणि त्यांचा धूर पुष्कळ शुद्ध असतो, हे खरे. परंतु धूर शुद्ध करणारा सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावरच काम करतो. गारठलेले इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, आणि तासाला एकदा चालविलेले इंजिन त्या थंडीत प्रत्येक वेळी पुन्हा निवलेलेच असते. विजेवरच्या गाडीत हा धोका मुळातच नाही, तेथे चिंता बॅटरीची. तापणारी बैठक असेल तर सबंध गाडी तापविण्यापेक्षा ती चालवावी, वीज थोडी लागते.

इंजिन चालू असताना सर्वांनी एकदम झोपायचे नाही, हा नियमही पाळला. नऊ वर्षांच्या नातवाने पहाऱ्याची यादी केली आणि मला दोनदा उठविले.

काय करायचे नाही, याची यादी माझ्या मते लहान आहे, पण तीत सवलत नाही. गाडीत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा छोटा स्टोव्ह पेटवायचा नाही, काच उघडी असली तरी नाही. मेणबत्तीचा सल्ला काही परदेशी पुस्तिकांत आढळतो. शाली, मुले आणि पेट्रोल एकत्र असताना मी तो देणार नाही. आणि मद्य नाही. रमने ऊब येते असे वाटते, ते त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर वाहून जाते आणि वर कुडकुडणेही मंदावते. तान्ह्या बाळाला थंडीत ब्रँडीचे दोन थेंब देण्याची पद्धत अजूनही काही सुशिक्षित घरांत आहे. तिच्याशी माझे जुने भांडण आहे. बाळाची साखर त्यामुळे खाली जाते, आणि गारठलेल्या बाळाला नेमकी साखरच हवी असते.

गाडी सोडून चालत जाऊ नये, हेही बर्फापुरते खरे. मदत येते ती गाडीपर्यंत. आम्ही ११२ वर कळविले होते आणि आरशाला सुनेची लाल ओढणी बांधून ठेवली होती. परंतु आपल्याकडच्या जानेवारीतल्या धुक्याला हा नियम लावू नये. आग्रा रस्त्यावर दाट धुक्यात वाहतूक थांबली असता मुख्य रस्त्यावरच गाडीत बसून राहिले, तर मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसत नाही. तेथे गाडी रस्त्यावरून पूर्णपणे खाली, ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात घ्यावी, आणि तेथेही इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपू नये.

पहाटे एकच्या सुमारास पोलिसांनी एकेक गाडी पुढे काढली. मनालीत पोहोचताच मुलीला आणि तिच्या आईला थेट रुग्णालयात नेले. तेथे कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजण्याची सोय नव्हती, आणि ती आपल्याही बहुतेक रुग्णालयांत नसते. त्यासाठी थांबायचेही नसते. घट्ट बसणाऱ्या, पिशवी जोडलेल्या मुखवट्याने पूर्ण प्राणवायू सुरू करावा, नाडी, शुद्ध आणि रक्तातील साखर पाहावी, हृदयाचा आलेख काढावा, आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत प्राणवायू चालू ठेवावा. गर्भवतीला तो त्याहून बराच अधिक वेळ द्यावा. मुलगी बेशुद्ध असती तर अतिदाब कक्षाचा विचार करावा लागला असता. पण त्यासाठी दूरच्या शहरी नेताना वाटेत प्राणवायू खंडित होणार असेल, तर तो सौदा तोट्याचा, असे माझे मत आहे. गाडीतील इतरांनाही बोलावून विचारावे. आमच्या चालकाचे डोके संध्याकाळपासून दुखत होते, आणि त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते.

मुलगी सकाळी पराठा मागत उठली. तरीही मी भाच्याला सहा आठवडे सैल सोडले नाही, कारण या विषबाधेत माणूस पूर्ण बरा झाल्यावर काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, स्मृती, चाल किंवा वागणुकीत बिघाड दिसू शकतो. तिच्या बालवाडीच्या बाईंना विचारले, चित्रे पाहिली, एका पायावर उभे राहायला लावले. सहाव्या आठवड्यात ती उभी राहिली, माझ्याकडे पाहून म्हणाली, “आजी, आता तू उभी राहा,” आणि मला ते जमले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरवर एक नवा प्रश्न आला आहे. ताप नसलेले, उलट्या करणारे मूल आले की मी विचारते, घरात आणखी कोणाचे डोके दुखते का, आणि रात्री खोलीत काय पेटवले होते. गेल्या जानेवारीत एका आईने उत्तर दिले, “पेटवलं काही नाही मॅडम, फक्त न्हाणीघरातला गॅस गिझर.” तिला मी कागद बाजूला ठेवून पुन्हा खाली बसविले.